बंगळूरला उशिरा पोचलेलं मेडन

१७ मार्च २००७ चा शनिवार क्रिकेटवाल्यांच्या लक्षात आहे तो पोर्ट ऑफ स्पेनमुळे. राहुल द्रविडचा संघ बांगलादेशापुढे १९१ धावांत आटोपला, बांगलादेशाने पाच गडी राखून सामना जिंकला आणि भारताच्या विश्वचषकाला पहिल्याच फेरीत उतरती कळा लागली. सामना आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सुरू झाला होता. त्याच संध्याकाळी खुद्द कर्णधाराच्या गावात, तीस हजारांवर माणसं टीव्हीकडे पाठ फिरवून पॅलेस ग्राउंड्सच्या मोकळ्या मैदानात उभी होती. लंडनचा हेवी मेटल बँड आयर्न मेडन भारतात पहिल्यांदा वाजवणार होता.

मैदान मेखरी सर्कलजवळ, शहराच्या उत्तरेला. कित्येक चाहते जिथून निघाले ते बोम्मसंद्रा तिथून तीसेक किलोमीटर, पार दक्षिणेच्या टोकाला होसूर रोडवर. सरकारी औद्योगिक मंडळाने वसवलेली ही वसाहत: सुटे भाग बनवणारे कारखाने, औषधांच्या कंपन्या, बायोकॉनचा पसारा, नारायण हृदयालय. उंबऱ्याशीच इलेक्ट्रॉनिक्स सिटी, जिथे पुण्यात १९८१ साली जन्मून १९८३ मध्ये बंगळूरला हललेल्या इन्फोसिसने पुढे तळ ठोकला. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सोलापूर इथून डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग करून आलेल्या मुलांची या पट्ट्यात कधी वाण नव्हती. होसूर रोडवरचा लांबलचक उड्डाणमार्ग तेव्हा व्हायचा होता, तो २०१० मध्ये झाला. मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यापर्यंत पोचायला तर १० ऑगस्ट २०२५ उजाडला. २००७ मध्ये शिफ्ट संपवून, सिल्क बोर्डाचा चौक ओलांडून, संध्याकाळच्या आत मेखरी सर्कल गाठायचं म्हणजे अर्धा दिवस त्या एका प्रवासाला द्यावा लागे. ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी, त्यामुळे असे कार्यक्रम उन्हं उतरायच्या आत सुरू होत. उशिरा निघालेल्याला मधूनच आत शिरावं लागे.

मुंबई-पुण्याची मंडळी रेल्वेने आणि रात्रीच्या बसने आली होती. मुंबईकरांनी एका कार्यक्रमासाठी बंगळूरला धावावं, ही त्या दशकातली नवी आणि मुंबईला थोडी लाजिरवाणी गोष्ट होती. रॉकचं भारतातलं माहेर मुंबई. धोबीतलावच्या रंगभवनात मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड वाजवून गेला. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं आणि पावसाळ्यातल्या त्या संध्याकाळी कॉलेजातल्या पोरांच्या दोन-तीन पिढ्यांनी आपल्या केल्या. त्याही आधी, सत्तरच्या दशकात, आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे 'सॅव्हेज एन्काउंटर'मधून इंग्रजी रॉक गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने साकारलेला ज्यूडस अजून लोकांच्या बोलण्यात येतो. पण रंगभवन रुग्णालयं आणि महाविद्यालयांच्या शेजारी. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि उघड्यावरचा तो रंगमंच मुका झाला. मुंबईत मोठं मैदान मिळवणं, परवानग्या गोळा करणं आणि करमणूक कर भरणं आयोजकांना जड जाऊ लागलं.

बंगळूरकडे मैदान होतं. सेंट्रल कॉलेजचे पहिले प्राचार्य रेव्हरंड गॅरेट यांच्याकडून १८७३ मध्ये म्हैसूरच्या राजघराण्यासाठी विकत घेतलेला राजवाडा आणि त्याभोवतीची साडेचारशे एकरांच्या वरची जमीन. कर्नाटक सरकारने १९९६ मध्ये ती ताब्यात घेण्याचा कायदा केला. वाडियार घराणं न्यायालयात गेलं आणि मालकीचा तो वाद चालू असताना जमिनीचे तुकडे लग्नांना, प्रदर्शनांना आणि गाण्यांना भाड्याने जात राहिले. शहराच्या आतच एवढी मोकळी जागा देशात दुसरीकडे कुठे मिळणार? जोडीला पगारदार तरुणांची फौज, मद्याच्या कंपन्यांचा पैसा आणि डीएनए नेटवर्क्ससारखे तयारीचे आयोजक. एप्रिल २००२ मध्ये रॉजर वॉटर्स आला. ४ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स आले आणि मग तीन दिवसांनी मुंबईला ब्रेबॉर्नवर गेले. आधी बंगळूर, मग मुंबई, हा क्रमही पुष्कळ सांगून जातो.

वॉटर्स आणि स्टोन्स यांच्या कार्यक्रमांना जमलेला बंगळूरचा रसिक मात्र वेगळा होता. छावणी भागात वाढलेला, वडिलांच्या किंवा काकांच्या तबकड्या ऐकलेला, रेस्ट हाउस रोडवरच्या 'पेकोस'मध्ये बसून झेपेलिन, फ्लॉइड, पर्पल यांवर तासन्‌तास बोलणारा. त्याच्या लेखी १९७६ च्या सुमारास रॉक संपला होता आणि हेवी मेटल हा त्या घराण्यातला आरडाओरडा करणारा धाकटा भाऊ. मेडनच्या कार्यक्रमाची बातमी आली तेव्हा या मंडळींनी खांदे उडवले. आनंदाने वेडे झाले ते दुसरे लोक: नव्वदच्या दशकात कॉलेजात गेलेले, वसतिगृहात राहिलेले, कानडी-मराठी-तेलुगू-मिझो असे सगळीकडचे. यांच्यासाठी मेडन म्हणजे घरात कुणीही न शिकवलेलं, स्वतः शोधून काढलेलं संगीत होतं.

ते शोधलं कसं, हे सांगितल्याखेरीज पुढची भांडणं कळणार नाहीत. अधिकृत कॅसेटी मिळत, पण सगळे अल्बम नाहीत आणि क्रमाने तर मुळीच नाहीत. बाकीचं काम कॅसेट भरून देणारी दुकानं करत. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, दुकानदार दोन बाजूंना दोन अल्बम भरून द्यायचा. एका बाजूला १९८० चा पहिला अल्बम आणि उलट्या बाजूला १९८८ चा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' अशी जोडी सहज होऊन जाई, कारण दोन्ही पंचेचाळीस मिनिटांच्या आत बसत. मधली आठ वर्षं, बदललेला गायक, बदललेला ड्रमर, वाढत गेलेला डोलारा, हे सगळं कॅसेट उलटण्याच्या खटक्यात गडप. लंडनच्या चाहत्याला जे वर्षावर्षाने मिळालं ते सांगलीच्या मुलाला एका आठवड्यात, उलटसुलट मिळालं. त्यामुळे आवडीनिवडीही विलक्षण ठरल्या.

मेडनचा स्वतःचा इतिहासही वळणावळणाचा आहे. बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटनमध्ये हा बँड उभा केला. पहिल्या दोन अल्बमचा गायक पॉल डि'अ‍ॅनो, आवाज खरबरीत, रस्त्यावरचा. १९८१ मध्ये तो गेला आणि ब्रूस डिकिन्सन आला. वरच्या पट्टीत तासभर न थकता गाणारा हा माणूस पुढे विमानं चालवू लागला. १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'पासून १९८८ पर्यंतचा काळ बहुतेकांना सुवर्णकाळ वाटतो. १९९० मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ बाहेर पडला, त्याच्या जागी यानिक गेर्स आला आणि १९९३ मध्ये डिकिन्सनही गेला. वुल्फ्सबेन या बँडमधला ब्लेझ बेली १९९४ मध्ये गायक झाला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. डिकिन्सनच्या पट्टीत लिहिलेली जुनी गाणी त्याला रोज रात्री गावी लागत आणि रोज रात्री त्याची तुलना होई. 'द एक्स फॅक्टर' (१९९५) आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८) हे त्याचे दोन अल्बम. या काळात बँडच्या वाट्याला आलेली सभागृहं लहान होत गेली.

आणि नेमक्या याच काळात भारतात उपग्रह वाहिन्या स्थिरावल्या, दुकानं भरली, अलाहाबादहून १९९३ मध्ये अमित सैगलचं 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघू लागलं. ज्या मुलाने १९९५ मध्ये ऐकायला सुरुवात केली त्याच्यासाठी 'ताजं मेडन' म्हणजे ब्लेझचं मेडन. युरोपात ज्या अल्बमना लोक नाकं मुरडत होते, ते आपल्याकडच्या कित्येकांनी परीक्षेच्या रात्री जागवणारे सोबती म्हणून ऐकले. 'द एक्स फॅक्टर' ही बँडची सर्वांत काळोखी, सर्वांत प्रामाणिक निर्मिती आहे असं मानणारा एक लहानसा पण हट्टी गट भारतात होता. माझं मन त्यांच्या बाजूला झुकतं. त्या अल्बमवर अन्याय झाला आहे.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परत आले. स्मिथ आला म्हणजे गेर्स जाणार, असा सर्वांचा हिशेब होता. हॅरिसने गेर्सला ठेवलं. डेव्ह मरे, स्मिथ आणि गेर्स असे तीन गिटारवादक एकाच बँडमध्ये राहिले. २००० च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ने हे पुनरागमन नुसतं जुन्या गाण्यांवर पैसे मिळवण्यासाठी नव्हतं हे दाखवून दिलं. तरी तीन गिटारी कशाला, दोघांत जी धार होती ती तिघांत बोथट झाली, ही तक्रार अजूनही ऐकू येते. डि'अ‍ॅनोचे भक्त त्याहून कडवे. त्यांच्या मते १९८१ नंतर सगळा थाटमाट आला आणि गल्लीतला दम गेला.

आणखी एक गट २००७ च्या बंगळूरमध्ये वयाने सर्वांत लहान होता. स्लेयर, लॅम्ब ऑफ गॉड, डेथ मेटल ऐकणारी विशीतली मुलं, घशातून गुरगुरणारं गाणं हेच ज्यांना खरं वाटे. मेडन त्यांच्या थोरल्या भावाचं. पण तिकीट काढायची वेळ आली तेव्हा यांतले बहुतेक रांगेत होते, कारण इतका मोठा मेटल बँड याआधी भारतात आलाच नव्हता. स्वतःच्या देवाची वाट पाहताना दुसऱ्याच्या देवाच्या जत्रेला जावं तसे ते आले, आणि मैदानात शिरल्यावर इतरांइतकेच नाचले.

सर्वांत मोठी फूट मात्र नव्या अल्बमवरून होती. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' ऑगस्ट २००६ मध्ये आला. दहा गाणी, सत्तर मिनिटांहून अधिक लांबी, युद्ध आणि धर्म हे विषय, बरीचशी गाणी सात-आठ मिनिटांची, संथ सुरुवात करून हळूहळू पेटणारी. ध्वनिमुद्रणावर शेवटचा झिलईचा हात फिरवायचाच नाही, असं हॅरिसने ठरवलं. त्यामुळे अल्बम कानाला खडबडीत लागतो, जणू तालमीच्या खोलीत उभे आहोत. आणि ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतून दौरा सुरू झाला तेव्हा बँडने हा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीने वाजवला. उरलेल्या वेळात जेमतेम पाच जुनी गाणी. पन्नाशीला आलेल्या माणसांच्या बँडने असं करणं हे धाडस होतं. आयुष्यभर 'रन टू द हिल्स' ऐकायला आलेल्या माणसाला ते न ऐकता घरी पाठवायचं! प्रेक्षकांतून जुन्या गाण्यांची मागणी झाली, कुठे कुठे नाराजी उघड दिसली. डिकिन्सन आपल्या निर्णयावर ठाम राहिला.

२००७ मध्ये मात्र यादी बदलली. 'द नंबर ऑफ द बीस्ट'ला पंचवीस वर्षं होत होती. नव्या अल्बममधली निम्मी गाणी ठेवून बाकीची जागा जुन्यांना दिली गेली. मार्चमध्ये आधी दुबई, मग बंगळूर. म्हणजे भारताच्या वाट्याला आलं ते या भांडणातून निघालेलं मधलं रूप: काही आजचं, काही कालचं.

त्या संध्याकाळी सुरुवात केली दिल्लीच्या 'परिक्रमा'ने. १९९१ मध्ये सुरू झालेला हा बँड, व्हायोलिन घेऊन रॉक वाजवणारा. मेटलच्या गर्दीपुढे व्हायोलिन म्हणजे धोका, पण त्यांचं वाजवणं मेडनच्या मंडळींच्या मनात भरलं असावं. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात 'परिक्रमा' वाजवून आली, ज्यात मेडन प्रमुख बँड होता. दुसरी पाहुणी स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन. हॅरिस स्वतः पाचच दिवसांपूर्वी एक्कावन्न वर्षांचा झाला होता. ड्रमर निको मॅकब्रेन चोपन्नचा. तिन्ही गिटारवादक पन्नाशीचे. ज्या पोस्टरांतले उघड्या छातीचे, लांब केसांचे पंचविशीतले तरुण इथल्या खोल्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं चिकटवलेले होते, ते कुणी भारतात पाहिलेच नाहीत. आले ते वडीलधारे.

पहिलं गाणं नव्या अल्बममधलं. त्यानंतरही नवी गाणी येत राहिली आणि इथे बंगळूरने एक वेगळं काम केलं. मागच्या बाजूला कुरकुर होती, ती समजण्यासारखी आहे. एवढी वर्षं वाट पाहून आलेल्याला नऊ मिनिटांचं नवं गाणं लांबतं. पण पुढच्या बाजूची मुलं ती गाणी शब्दन्‌शब्द म्हणत होती. याचं कारण साधं आहे. मेडनचा हा पहिला असा अल्बम होता जो इंटरनेटमुळे लंडनच्या पोराला आणि बोम्मसंद्र्याच्या पोराला साधारण एकाच आठवड्यात मिळाला. बाकीचे सगळे अल्बम आपल्याला शिळे मिळाले होते. हा एकच गरम मिळाला. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत जी गाणी 'नवी' म्हणून टाकाऊ वाटत होती तीच इथल्या कित्येकांची सर्वांत जवळची होती.

मग 'फिअर ऑफ द डार्क' आलं. या गाण्याच्या सुरुवातीची गिटारची धून जगभर प्रेक्षकच गातात, शब्दांशिवाय, नुसत्या हुंकारात. पॅलेस ग्राउंड्सनेही गायली. ही प्रथा इथल्या लोकांनी दूरदेशीच्या मैफलींच्या चित्रफितींवरून शिकून ठेवली होती. २००१ चा रिओचा कार्यक्रम तर कॉपी करकरून हातोहात फिरला होता. आता पाळी आपली आली होती. ब्रूसने नेहमीच्या सवयीने शहराचं नाव घेऊन ओरडायला सांगितलं तेव्हा कुणाला काही शिकवावं लागलं नाही. तेव्हा शहराचं नाव बदलण्याचा निर्णय होऊन काही महिनेच झाले होते. मंचावरून आलं ते जुनंच, बँगलोर.

बँड निघून गेल्यावर पुढचे काही महिने खरा वाद पेटला. यादीत अमुक नव्हतं, तमुक का नव्हतं. '८४ चं 'पॉवरस्लेव्ह' कुठे होतं? 'सेव्हन्थ सन' कुठे होतं? आणि जणू ही फिर्याद लंडनपर्यंत पोचावी तसा पुढच्या वर्षीचा दौरा जाहीर झाला. नाव 'समव्हेअर बॅक इन टाइम', गाणी जवळपास सगळी ऐंशीच्या दशकातली, मंच १९८४-८५ च्या गाजलेल्या दौऱ्यासारखा, पिरॅमिड, देवांचे पुतळे, प्रचंड ममी. त्या मूळ दौऱ्याची सुरुवात लोखंडी पडद्यामागच्या पोलंडमध्ये झाली होती, अकरा महिने तो चालला आणि भारत त्याच्या नकाशावर नव्हता. आता त्याचीच पुनर्बांधणी घेऊन बँड निघाला आणि पहिला मुक्काम ठरला मुंबई, १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान.

मुंबईच का, याचं उत्तर विमानात आहे. अ‍ॅस्ट्रियस कंपनीचं बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून टाकल्या, त्या जागेत वाद्यं, ध्वनियंत्रणा आणि मंचाचं सामान भरलं. पुढे बँड आणि कर्मचारी, वैमानिकाच्या खुर्चीत डिकिन्सन. 'एड फोर्स वन' असं नाव. एरवी भारतासारख्या ठिकाणी यायचं तर सामान वेगळ्या मालवाहू विमानाने पाठवावं लागे, मध्ये दिवस वाया जात, खर्च वाढे आणि आयोजक हात टेकत. आता माणसं आणि सामान एकत्र उडत असल्याने लंडन, मुंबई, पर्थ, टोकियो, लॉस एंजेलिस अशी साखळी जमू लागली. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी त्यावर 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट केला. २००९ मध्ये तो आला तेव्हा ठाण्या-डोंबिवलीच्या मुलांनी पडद्यावर आपलं मैदान पाहिलं.

वर्षभराने तोच दौरा बंगळूरला आला: १५ फेब्रुवारी २००९, रविवार, पुन्हा पॅलेस ग्राउंड्स. या वेळी यादीत पहिल्या दोन अल्बममधलीही गाणी होती, त्यामुळे डि'अ‍ॅनोच्या भक्तांनाही तक्रारीला जागा उरली नाही. सगळ्यांना हवं ते मिळालं. इजिप्तच्या चित्रलिपीपुढे लोक '८५ साली नाचावं तसे नाचले, जरी तिथल्या निम्म्यांचा '८५ साली जन्मही झाला नव्हता.

इथेच भारतातल्या या खेपांची खरी गंमत आहे, आणि मला यात विचार करण्यासारखं पुष्कळ दिसतं. बँड आपल्याकडे उलट्या क्रमाने आला. आधी २००६ चं मेडन आलं, मग १९८४ चं. लंडनचा पन्नाशीतला चाहता २००८ च्या दौऱ्यात आपली जवानी पुन्हा पाहत होता. बंगळूरचा चाहता आपल्याला कधीच न मिळालेलं काहीतरी पाहत होता. त्याच्यापाशी जुन्या मेडनची आठवण नव्हती, संग्रह होता. 'पूर्वीचं ते खरं' असं जेव्हा तो म्हणे तेव्हा ते पूर्वीचं त्याने दुकानात भरून घेतलेलं असे. म्हणूनच आपल्याकडची भांडणं इतकी तावातावाने चालत. ज्याने १९८२ मध्ये हॅमरस्मिथला मेडन पाहिलं तो शांतपणे म्हणू शकतो की मी तिथे होतो. आपल्याकडे तिथे कुणीच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला आपली बाजू वाद घालूनच सिद्ध करावी लागे.

खऱ्या आठवणीवर उभं राहिलेलं पुनरागमन कसं असतं ते याच सुमारास मुंबईने पाहिलं. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि सोबत्यांचा 'रॉक मशीन' १९८४ मध्ये सुरू झाला. दुसऱ्यांची गाणी वाजवण्याचा काळ मागे टाकून त्यांनी १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, १९९७ मध्ये बँड विखुरला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यू यॉर्कला जाऊन 'आम्स फॉर शांती' करू लागले. २०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा उभं राहिलं आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, जुन्या धिंगाण्यापेक्षा गुंतागुंतीचा, संयत. ज्यांनी रंगभवनात घाम गाळला होता त्यांना जुनी गाणी हवी होती. ज्यांनी बँडचं फक्त नाव ऐकलं होतं त्यांना नवा अल्बम आवडला. इथे वाद होता, पण त्याला एक मऊपणा होता. जुन्या गाण्यांबरोबर लोकांना ज्या मित्रांसोबत ती ऐकली ते मित्रही आठवत.

मेडनने बंगळूरसाठी दार उघडून दिलं यात शंका नाही. मार्च २००८ मध्ये मेगाडेथ त्याच मैदानात आलं. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका आली. दोनच दिवसांपूर्वी गुडगावचा कार्यक्रम अडथळे कोसळल्याने रद्द झाला होता आणि संतापलेल्या जमावाने मंचाची नासधूस केली होती. बंगळूरला मात्र सारं सुरळीत पार पडलं. १९९८ मध्ये बंगळूरमध्येच सुरू झालेला 'क्रिप्टोस' २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आला. त्यांच्या गिटारींत मेडनची आणि ज्युडास प्रीस्टची शिकवण स्वच्छ ऐकू येते. याच शहरात पोलिसांनी २००५ च्या आदेशाचा आधार घेऊन २००८ मध्ये पबमधलं थेट संगीत बंद पाडलं, हेही नमूद केलं पाहिजे. मैदानात परदेशी बँडला पायघड्या आणि गल्लीतल्या बँडला कुलूप, अशी ती वर्षं होती. हे फार चुकीचं झालं.

उलट्या क्रमाची कहाणी नंतरही चालू राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये गन्स एन रोझेस बंगळूर, मुंबई आणि दिल्लीजवळ आले तेव्हा त्यात अ‍ॅक्सल रोझ होता, स्लॅश नव्हता, डफ मॅकेगनही नव्हता. हा तो बँड आहे की फक्त त्याचं नाव, यावर तेव्हा मैत्र्या तुटायची वेळ आली. १७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तेच नाव आलं आणि या वेळी तिघेही होते. उत्तरार्ध आधी, पूर्वार्ध मागाहून.

मेडन २००९ नंतर भारतात आलेलं नाही. पॉल डि'अ‍ॅनो ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. निको मॅकब्रेनने त्याच वर्षी ७ डिसेंबरला साओ पाउलोत शेवटचा दौऱ्यातला कार्यक्रम केला. २०२५ मध्ये पन्नास वर्षांचा दौरा बुडापेस्टहून निघाला, सायमन डॉसन ड्रमवर, आणि गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९९२ पर्यंतची. २००७ ला ज्यांनी जुन्या गाण्यांसाठी भांडण केलं त्यांतले पुष्कळजण आता चाळिशीत आहेत आणि ही यादी पाहून खूश आहेत. मी नाही. २००९ चा कार्यक्रम सरस होता, आवाज चांगला होता, मंच डोळे दिपवणारा होता, हे सगळं मान्य. तरी त्या पहिल्या शनिवारी पन्नाशीच्या आसपासची सहा माणसं आपल्या ताज्या कामावर विश्वास ठेवून भारतात आली होती, आणि पुढच्या रांगांतल्या मुलांनी ते काम आधीच पाठ केलेलं होतं. बंगळूरला चालू काळातलं मेडन मिळालं ते त्या एकाच रात्री.